तायडे बाईंचं दाताळं

सामान तपासायच्या यंत्रात दाताळं मावत नाही, हे मला तायडे बाईंमुळे कळलं. लांब दांडा तोंडाशीच अडकला, पट्टा थांबला, मागे आम्हा स्वयंसेवकांची लांब रांग खोळंबली आणि पुढे एक दणकट सुरक्षारक्षक आणि साठी उलटलेल्या एक बुटक्या बाई एकमेकांकडे बघत उभ्या राहिल्या.

"ये क्या है मॅडम?"

"दाताळं. वाळू ओढायचं."

"अंदर सब मिलता है. इसको बाहर रखो."

"आतलं मी काल पाहिलंय. प्लास्टिकचं आहे. त्याने बागेतला पाला गोळा करा तुम्ही."

रक्षकाला मराठी किती कळलं कोण जाणे, पण बाई बाजूला होणार नाहीत एवढं त्याला नक्की कळलं. त्याने फोन केला, ज्याला केला त्याने आणखी कुणाला केला आणि वीस मिनिटांनी 'स्पर्धेचे साहित्य' अशी चिठ्ठी चिकटवून घेऊन दाताळं आत गेलं. त्याच्या लोखंडी दातांपैकी एक तुटलेला होता. बाई मुलुंडहून दोन बस बदलून ते घेऊन अंधेरीला आल्या होत्या. मेट्रोत घेतलं नाही म्हणून बस, असं त्यांनी रांगेत कुणी न विचारताच सांगितलं.

मी तेव्हा मुंबईत नवी होते. रत्नागिरी सोडून चार महिने झाले होते. एमआयडीसीतलं ऑफिस आणि मरोळमधली तीन मुलींची खोली, एवढंच माझं शहर होतं. अंधेरीच्या क्रीडासंकुलात मैदानी खेळांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार, स्वयंसेवक हवेत, ही जाहिरात वाचून मी नाव दिलं ते खेळाच्या प्रेमापोटी नव्हे. चार माणसं ओळखीची होतील, एक छापील प्रमाणपत्र मिळेल, गावी आईला फोटो पाठवता येतील, असा साधा हिशेब होता. बहुतेकांचा तोच होता. बाईंचा नव्हता. अर्जात 'अनुभव' या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला होता, 'वाळू'. हे मला त्यांनीच अभिमानाने सांगितलं.

मुलुंडच्या महापालिका शाळेत एकतीस वर्षं त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. माहेर-सासर दोन्ही अकोल्याकडचं. मुंबईत चाळीस वर्षं काढूनही राग आला की त्यांच्या 'मला'चं 'मले' व्हायचं आणि त्यावरून आम्हाला पारा कुठवर चढलाय ते समजायचं. घट्ट अंबाडा, त्यात पाच आकडे, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ आणि गळ्यात शिट्टी. शिट्टीला परवानगी नव्हती. "वाजवणार नाही, पण काढणारही नाही. मंगळसूत्र नाही घातलं कधी, ही घातली," असं म्हणून त्यांनी ती टी-शर्टच्या आत टाकली.

आमची समन्वयक रिया नावाची मुलगी होती. हातात वॉकीटॉकी, पायाला भिंगरी, आणि सगळ्या वयस्क बायकांना 'आंटी'. पहिल्याच दिवशी तिने "आंटी, आप इधर" म्हटलं तेव्हा बाईंनी शांतपणे दुरुस्ती केली.

"आंटी नाही. बाई."

"सॉरी, म्हणजे... बाई तर आपण कामवालीला म्हणतो ना?"

"तुझ्या घरी म्हणत असाल. माझ्या शाळेत साडेचारशे पोरी मला बाई म्हणायच्या आणि उठून उभ्या राहायच्या."

रिया वाईट नव्हती. तिने त्या दिवसापासून बाईच म्हटलं, आणि पुढे पुढे तर ती नकळत उभीही राहायला लागली.

प्रशिक्षणाच्या दिवशी एका गुळगुळीत तरुणाने पडद्यावर चित्रं दाखवून आम्हाला स्वयंसेवकाचं पहिलं कर्तव्य सांगितलं, ते म्हणजे सतत हसतमुख राहणं. बाईंनी हात वर केला. वर्गात पोर करते तसा, कोपर सरळ ठेवून.

"उडीच्या खड्ड्यापाशी पण हसायचं?"

"ऑफकोर्स. सगळीकडे."

"एखादी पडली आणि मी हसत उभी असले, तर तिला काय वाटेल?"

तरुण म्हणाला की हा खूप छान मुद्दा आहे, आणि पुढच्या चित्राकडे वळला. बाई बसल्या आणि मला म्हणाल्या, "याने आयुष्यात कधी उडी मारली नाही बघ." मीही मारली नव्हती. ते मी सांगितलं नाही.

आम्हाला सगळ्यांना नियमांची एक पुस्तिका दिली होती. आम्ही तिचा वारा घ्यायला उपयोग केला. बाईंनी रात्रीतून तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, वर नाव-इयत्तेच्या जागी 'सुलभा तायडे, लांब उडी' लिहिलं आणि दोन दिवसांत ती पेन्सिलीने खुणा करकरून वाचली. इंग्रजी शब्द अडला की फोनवर नातवाला विचारायच्या. माणसांची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. माणसाला त्या त्याच्या गावावरून ओळखत. मी 'रत्नागिरी', पाण्याच्या बाटल्या वाटणारा मुलगा 'सोलापूर', आणि रियाने आपण जुहूच्या म्हटल्यावर ती 'जुहू'.

खड्ड्यापाशी आम्ही दोघी. मी एका फिरत्या फलकाशी. ज्या खेळाडूची पाळी तिचा क्रमांक आणि कितवी उडी ते त्यावर लावायचं, उडी नोंदली गेली की पुढचा क्रमांक फिरवायचा. बाई दाताळ्याशी. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांनी वाळूची मूठ भरली, आवळली, उघडली. लाडू व्हायला हवा होता, झाला नाही. पुन्हा एक मूठ घेतली आणि तळहातावर पसरली. त्यात शिंपल्याचे चुरे निघाले.

"ही कुठून समुद्रावरून उचलून आणली? मढला फिरायला ठीक आहे. इथे पोरी मांड्यांवर पडणार आहेत."

रिया म्हणाली, ठेकेदाराने दिली तशी आहे, आता काही होणार नाही, उद्या सकाळी स्पर्धा आहे. बाईंनी पिशवीतून पिठाची चाळण काढली. घरून येतानाच घेऊन आल्या होत्या! अख्खा खड्डा चाळणं शक्य नव्हतं, पण जिथे पाय पडतात तेवढा वरचा थर दोघींनी दुपारभर चाळला. म्हणजे त्यांनी चाळला, मी कुरकुरत बादल्या उचलल्या. संध्याकाळी त्यांनी स्वयंसेवकांनी अर्धवट पिऊन टाकलेल्या बाटल्या सोलापूरकडून गोळा करवल्या आणि ते पाणी वाळूवर शिंपलं. मग मूठ भरली. लाडू झाला. त्या लाडवाकडे त्या ज्या नजरेने बघत होत्या ती मी अजून विसरलेले नाही.

ओढायची त्यांची एक पद्धत होती. आधी आडवं, मग उभं, मग कडेला हाताने थापटायचं. एकदा मी विचारलं, इतक्या झटपट कसं जमतं? तेव्हा त्यांनी शाळेतली गोष्ट सांगितली.

"पस्तीस मिनिटांचा तास, चाळीस पोरी, एक खड्डा आणि एक टेप. ती पण मुख्याध्यापकांच्या कपाटात. प्रत्येक उडी मोजत बसले तर दहा जणींची पाळी येणार आणि तीस जणी वर्गात परत. मग मी काय करायचे? खराट्याच्या काड्या आणल्या. प्रत्येक काडीला वेगळ्या रंगाची चिंधी. पोरगी उतरली की जिथे तिची खूण तिथे तिची काडी रोवायची आणि लगेच बाकीची वाळू ओढायची, की दुसरी तयार. तास संपताना टेप आणून सगळ्या काड्या एकदम मोजायच्या. एकतीस वर्षांत एकाही पोरीची उडी हरवली नाही गं माझ्याकडून."

हे शेवटचं वाक्य त्या अनेकदा म्हणायच्या. तेव्हा मला ती फुशारकी वाटायची.

दुसऱ्या दिवशी मुलींच्या लांब उडीत बारा जणी होत्या. तीन फेऱ्यांनंतर पहिल्या आठच अंतिम फेरीत जाणार होत्या. त्यांच्यात एका छोट्या बेटाची मुलगी होती. त्या देशाचं नाव बाईंना शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, म्हणून ती 'बेटवाली'. तिच्याबरोबर दुसरं कुणी खेळाडू नव्हतं, एक प्रशिक्षक होता आणि तोही दूर गॅलरीत. पहिली उडी फाउल, दुसरी जेमतेम. ती नववी होती. जे काही व्हायचं ते तिसऱ्या उडीत.

खड्ड्याचे मुख्य पंच पांढरी टोपी घालायचे. शांत, नेमके, मराठी गृहस्थ. मला ते आवडायचे. त्या दिवशी मात्र मागच्या शर्यतीमुळे उशीर झाला होता, कानातल्या यंत्रातून त्यांना कुणीतरी सारखं टोचत होतं आणि ते "चला, चला, लवकर" करत होते. बेटवाली धावली. तिचा पाय फळीवर अगदी स्वच्छ पडला, आणि त्या दिवशी मी पाहिलेली ती सगळ्यात जास्त वेळ हवेत राहिलेली मुलगी होती. पांढरा झेंडा वर गेला, म्हणजे उडी मान्य. ती उठली, पुढच्या बाजूने खड्ड्याबाहेर पडली. मोजणारा माणूस, खुणेवर रोवून अंतर मोजायची ती खुंटी हातातच धरून, कानातलं काहीतरी ऐकत होता.

आणि मागून आवाज आला, "चला, चला!"

बाईंचा हात अंबाड्याकडे गेला. एक आकडा निघाला, खुणेच्या टोकाशी रोवला गेला, आणि दाताळं सर्रकन फिरलं. आडवं, उभं. एकतीस वर्षांची सवय. तीन सेकंदांत वाळू सपाट झाली आणि तिच्यात काळ्या आकड्याचं टोक तेवढं उरलं.

बाई थांबल्या. मोजणाऱ्याच्या हातातल्या खुंटीकडे त्यांचं लक्ष गेलं. माणसाचा चेहरा कसा पडतो ते मी तेव्हा अगदी जवळून पाहिलं.

त्यांनी लगेच हात वर केला. कोपर सरळ.

"साहेब, मोजायच्या आधी मी ओढली. चूक माझी."

पांढऱ्या टोपीवाल्यांनी वाळूकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग झेंडा धरणाऱ्याला काहीतरी म्हणाले. लाल झेंडा वर गेला.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"ती वाळूतून मागे चालत आली. फाउल."

"ती पुढून निघाली. मी इथेच होते."

साहेब जवळ आले आणि आवाज खाली आणून, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, ऐका. टीव्हीवर चालू आहे सगळं. चूक नोंदवली तर अहवाल जातो, चौकशी होते, तुमचं नाव येतं. नवव्या नंबरची पोरगी आहे. मी फाउल लिहितो, विषय संपला. तुम्हाला कोणी काही विचारणार नाही."

म्हणजे ते बाईंना वाचवत होते. खरंच वाचवत होते. मला क्षणभर बरंही वाटलं, हे इथे कबूल करते. पलीकडे बेटवाली लाल झेंड्याकडे बघत उभी होती, आणि आपलं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं.

"येऊ द्या नाव," बाई म्हणाल्या. "लिहा, सुलभा तायडेने पुसलं. माझ्या चुकीचा फाउल तिच्या नावावर कशापायी?"

"बाई, बाजूला व्हा. पुढची उडी आहे."

"नियम आहे साहेब. आपल्या चुकीने नोंद झाली नाही तर उडी परत द्यायची. पुस्तकात आहे."

"मला नियम शिकवू नका."

"मग मले खोटं शिकवू नका!"

आणि बाई खड्ड्यात उतरल्या, वाळूत रोवलेल्या आकड्याला धक्का न लावता त्याच्या शेजारी मांडी घालून बसल्या. दाताळं मांडीवर आडवं. नारिंगी टी-शर्ट, गळ्यात कार्ड, अंबाड्यात चार आकडे. पुढची खेळाडू धावपट्टीच्या टोकाला उभी होती ती उभीच राहिली.

रिया धावत आली. "बाई, प्लीज, कॅमेरा आहे!"

"असू दे, जुहू. कॅमेऱ्यालाही दिसू दे."

दोन रक्षक आले. त्यांतला एक दाताळं अडवणारा तोच. तो बाईंकडे बघून जागीच थबकला. त्यांना उचलायचं कसं हा त्याच्यापुढे मोठाच प्रश्न होता. साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "ए मुली, पुढचा नंबर लाव."

मी फार शूर वगैरे नाही. रियाने मला आधीच डोळ्यांनी प्रमाणपत्र दाखवलं होतं. पण मी ती मुलगी पुढून बाहेर पडताना पाहिली होती, आणि वाळूत बसलेल्या बाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित मी घाबरून फलक फिरवला असता. मी हात फलकावर ठेवला आणि तसाच ठेवला. त्यावर बेटवालीचा क्रमांक आणि तीनचा आकडा तसाच राहिला.

शेवटी निळ्या कोटातली एक परदेशी रेफरी चालत आली. सगळ्यांच्या वरची. तिने काय झालं ते साहेबांना विचारलं, मग बाईंना. बाईंनी मराठी शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द मोजून सांगितलं.

"आय रेक. शी करेक्ट. व्हाइट फ्लॅग. माय मिस्टेक. गिव्ह अगेन."

रेफरीने आकड्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं. बाईंनी अंबाडा वळवून दाखवला. रेफरीच्या ओठांची कड जराशी हलली. मग तिने आजूबाजूला विचारलं, ती मुलगी कुठून बाहेर पडली हे कुणी पाहिलं? मोजणाऱ्या माणसाने बुटांकडे पाहिलं. मी "पुढून" म्हणाले. मराठीतच म्हणाले, आणि हाताने दाखवलं. त्यानंतर मोजणाराही म्हणाला, "येस, फ्रंट."

उडी परत मिळाली. आकड्यावरून मोजता येणार नाही, पण पुन्हा मारता येईल. बाई उठल्या. कपडे झटकायच्या आधी त्यांनी वाळू ओढली. आडवं, उभं, कडेला हात.

बेटवाली पुन्हा धावली. मी मनातल्या मनात तिला आकड्याच्या पुढे नेऊन ठेवलं होतं. पण तिचा पाय फळीच्या पुढे पडला, स्पष्ट, कुणालाही दिसेल असा. लाल झेंडा. संपलं.

मला रडू आलं. बाईंनी मात्र मान हलवली.

"आता बरोबर. हा तिचा आहे. मघाचा माझा होता."

ती मुलगी खड्ड्याच्या कडेने आली. बाईंनी तिचा हात हातात घेतला, तळव्याला चिकटलेली वाळू झटकली आणि त्यावर तो काळा आकडा ठेवला. मुलीने तो केसांत लावला आणि निघून गेली.

पाच मिनिटांत बाईंच्या गळ्यातलं कार्ड उतरलं. खेळात अडथळा आणल्याबद्दल. रियाने ते उतरवलं तेव्हा बाईच तिला धीर देत होत्या, "काढ गं, तुझं काम आहे ते." मग त्यांनी दाताळं माझ्या हातात दिलं.

"मी? मला नाही येत बाई."

"येईल. फक्त एक लक्षात ठेव. मोजल्याशिवाय ओढायचं नाही. मी चुकले, तू चुकू नको."

कार्ड नसलेली, ताठ चालत जाणारी ती बुटकी आकृती बोगद्यातून बाहेर गेली. प्रेक्षकांना काय घडलं ते कळलं नव्हतं, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या लोकांना बसलेलं माणूस उठून निघालं की टाळी वाजवायची सवयच आहे.

स्पर्धा संपल्यावर ते दाताळं मी मुलुंडला पोचवलं. बाई घरी नव्हत्या. रविवार होता, त्या शाळेच्या मैदानावर पोरींना घेऊन गेल्या होत्या. सुनेने दाताळं ठेवून घेतलं, चहा दिला. पुढच्याच महिन्यात कंपनीने माझी बदली केली आणि पुन्हा जाणं झालं नाही. त्यामुळे माझ्यापुरतं बाईंना शेवटचं पाहिलं ते स्पर्धेच्या शेवटच्या दिवशीच.

त्या दिवशी लांब उडीची अंतिम फेरी होती. गॅलरी भरलेली, ऊन मरणाचं, कानात कर्णे. मी दाताळं धरून उभी. पांढऱ्या टोपीवाले साहेब माझ्याशी बोलत नव्हते आणि मीही बोलत नव्हते. एका मुलीने जबरदस्त उडी मारली, पांढरा झेंडा गेला, लोकांनी आरडाओरडा केला, मुलगी हात उंचावत बाहेर पडली, आणि त्या गोंधळात मी दाताळं उचललं. खुंटी अजून रोवलेली नव्हती. मला ते दिसलंच नाही.

"रत्नागिरीऽऽ! मोजलं का?"

पाठोपाठ शिट्टी वाजली. लांब, कडक, प्रार्थनेच्या मैदानावरची. दाताळं हवेतच थांबलं. साहेबांचा हातही आपोआप आडवा झाला, माझ्या आणि वाळूच्या मध्ये. मोजणारा धावला, त्याने खुंटी रोवली.

मी वर पाहिलं. खड्ड्याच्या बरोबर समोर, सगळ्यात खालच्या रांगेत तायडे बाई उभ्या होत्या. तोच नारिंगी टी-शर्ट, गळ्यात कार्ड नाही, शिट्टी टी-शर्टच्या बाहेर. त्यांच्याशेजारी तोच दणकट रक्षक वाकून हात जोडत होता, "मॅडम, बैठ जाइए ना, पीछेवालों को दिखता नहीं."

बाईंनी मुठीतलं तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं.

"परवा बसले तर उठवलं. आज तिकीट काढून आलेय, तर बसवता?" त्या म्हणाल्या. "तिची मोजून होईपर्यंत मी उभी राहणार."

साहेबांनी एकदा गॅलरीकडे पाहिलं. मग मोजणाऱ्याला म्हणाले, "नीट बघून घे. घाई नाही."

यंत्रावर अंतर उमटलं. पंचांनी ते लिहून घेतलं. मी वर पाहिलं, बाईंनी मान हलवली आणि खाली बसल्या. मग मी वाळू ओढली, आधी आडवी, मग उभी.